फोनच्या मते मी कड्याच्या पोटातून चाललो

अंजनेरी चढताना पठाराच्या अलीकडे एक घळ लागते. दोन्ही अंगांना काळा कातळ, मधून पायऱ्या. नाशिकला घरी येऊन फोनमध्ये नोंदलेली वाट उघडली, तर खालच्या रानात शहाण्यासारखी चाललेली रेघ घळीत शिरताच झिंगली होती. एका ठिकाणी तर मी सरळ कड्याच्या पोटातून गेलो होतो!

फोन बिघडलेला नव्हता. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटरवरून वेळेचे संदेश पाठवतात आणि संदेश यायला किती वेळ लागला यावरून फोन अंतर काढतो. प्रकाश एका मायक्रोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात, ३०० मीटर जातो, तेव्हा मायक्रोसेकंदाच्या साठाव्या भागाइतकी चूकही ५ मीटरची. घळीत संदेश कातळावर आपटून, वळसा घेऊन येतो. फोनला वाटतं, उपग्रहच लांब आहे. त्यात वर आभाळाची नुसती पट्टी दिसते, म्हणजे चारी बाजूंचे उपग्रह हाताशी नाहीत.

यावर उपाय म्हणजे पुष्कळ जणांनी चालणं. ओपनस्ट्रीटमॅप हा २००४ साली इंग्लंडमध्ये स्टीव्ह कोस्टने सुरू केलेला नकाशा कुणीही सुधारू शकतो. एकाच वाटेच्या अनेक नोंदी एकमेकींवर ठेवल्या की खरी वाट दाट दिसू लागते. पण इथे एक गंमत आहे. जीपीएसचा उपग्रह दुसऱ्या दिवशी जेमतेम चार मिनिटं आधी आभाळात पुन्हा त्याच जागी येतो. लागोपाठ दोन दिवस सकाळी सातलाच घळ चढलात, तर चूकही बरीचशी तीच पदरात पडणार. हल्लीचे फोन इतर देशांचे उपग्रहही वापरतात, त्यामुळे थोडं निभावतं. तरी वेळ बदलून जाणं बरं.

रेघ जुळली तरी काम निम्मंच होतं, आणि मला उरलेलं निम्मं जास्त मोलाचं वाटतं. पावसाळ्यानंतर पठारावर गवतातून डझनभर वाटा फुटलेल्या असतात. त्यातली माणसांची कुठली आणि ढोरवाट कुठली, हे उपग्रहाच्या छायाचित्रात कळत नाही. गुराख्याला कळतं. त्याला विचारावं, टाक्यातलं पाणी उन्हाळ्यात टिकतं का तेही विचारावं आणि नकाशात भरावं. नावं तो म्हणतो तशीच, देवनागरीत. वाट किती अवघड हे सांगायला नकाशात स्विस अल्पाइन क्लबच्या श्रेणीवरून घेतलेलं माप आहे. श्रावणातला शेवाळलेला कातळ त्या मापात कुठे बसतो, हा वाद आमच्यात कायमचा आहे!

दुसऱ्या नकाशावरून रेघ उतरवायची नाही, तो स्वामित्वहक्काचा प्रश्न आहे. दिसली ती प्रत्येक पाऊलखूणही चढवू नये. अंजनेरीच्या कड्यांवर गिधाडांची घरटी असतात आणि या डोंगराचं नाव मिळालेली कंदीलपुष्पाची एक दुर्मीळ जातही इथलीच. तिच्यापर्यंत पोचवणारी रेघ मी काढणार नाही.

घळीतला तुकडाही अजून चढवलेला नाही. त्या दिवशी आम्ही सकाळी गेलो होतो, आता एकदा दुपारी जायचंय.