सुखतळा आणि तळपायावरील दाब

पायताणाच्या आत तळपायाला थेट टेकणारा थर म्हणजे सुखतळा. चालताना तळपायाच्या कोणत्या भागावर किती दाब येईल, हे बऱ्याच अंशी त्याच्या साहित्यावर, जाडीवर आणि घडणीवर ठरते. साधारण ६० किलो वजनाच्या माणसाची टाच उचलली जाते तेव्हा चवड्यावर सुमारे ७०० न्यूटन बल येते. ते ३५ चौरस सेंटिमीटरवर पडले तर सरासरी दाब २०० किलोपास्कल होतो आणि सुखतळ्याने पायाचा आकार घेऊन टेकणारी जागा ५० चौरस सेंटिमीटर केली तर तोच १४० वर उतरतो.

दुकानात अंगठ्याने दाबून मऊपणा पाहण्याची रीत म्हणूनच फसवी आहे. फार मऊ फोम चवड्याच्या हाडाखाली पूर्ण चेपतो आणि भार पुन्हा खालच्या कडक तळावर जातो. पॉलिएथिलीन फोम पायाचा आकार झटकन घेतो, पण लवकर चेपून कायमचा बसतो. त्यामुळे त्याखाली जरा घट्ट ईव्हीएचा (इथिलीन व्हिनाइल ॲसिटेट या फोमचा) थर देतात. ईव्हीए हलके असले तरी उष्णतेने नरमते, आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जाणाऱ्या नागपुरात ही उणीव दुर्लक्षिण्याजोगी नाही.

विदर्भात या विषयाला कुष्ठसेवेची पार्श्वभूमी आहे. वर्ध्याजवळचे दत्तपूर (१९३६) आणि वरोड्याचे आनंदवन (१९४९) ही केंद्रे नागपूरपासून दूर नाहीत. कुष्ठरोगाने बधिर झालेल्या पायाला होणारी जखम बहुधा एखाद्या मोठ्या इजेने होत नाही. एकाच जागी पावलागणिक पडणारा दाब ती घडवतो, कारण दुखत नसल्याने माणूस लंगडत नाही आणि भार दुसरीकडे टाकत नाही. अशा पायांसाठी सूक्ष्म छिद्रांच्या रबराची, म्हणजे एमसीआरची, चप्पल भारतात रूढ झाली आणि आज तीच पाय बधिर झालेल्या मधुमेहींना सुचवली जाते. तिला मागून पट्टा हवाच, नाहीतर बधिर पायातून ती निसटल्याचे कळतही नाही. चप्पल दाराबाहेर काढून घरात फरशीवर अनवाणी वावरल्यास मिळालेला आराम तिथेच संपतो. म्हणून घरासाठी वेगळा जोड ठेवणे अत्यंत आवश्यक आहे.

सुखतळा निकामी झाल्याची खूण अंगठ्याच्या मुळाखाली दिसते. तिथे काळपट, गुळगुळीत खळगा पडतो आणि पाय बाहेर काढल्यावरही तो वर येत नाही. वरचा कपडा किंवा कातडे शाबूत असले, तरी त्या जागी साहित्याची दाब पसरवण्याची क्षमता उरलेली नसते.