पाच मिलिमीटरची रेघ

तरंगत्या शेवाळातले जीव गोळा करायला उत्तर अटलांटिकमधल्या सारगासो समुद्रात टाकलेल्या जाळ्यांत प्लास्टिकचे कण येऊ लागले. १९७२ साली छापून आलेल्या त्या नोंदीत दर चौरस किलोमीटरला सरासरी साडेतीन हजार कण मोजलेले आहेत. काहींवर तर जीव वाढू लागले होते. उत्पादन वाढले की हे कणही वाढणार, असा इशारा तेव्हाच दिला गेला होता.

तरी पुढची बरीच वर्षे नजर मोठ्या कचऱ्यावरच राहिली. जहाजांवरून प्लास्टिक समुद्रात टाकण्यावर आंतरराष्ट्रीय बंदी आली ती १९८८ च्या अखेरीस. नद्यांवाटे जमिनीवरून येणारा कचरा मात्र तिच्या कक्षेबाहेरच राहिला.

खरा घोळ या बारीक कणांना दिलेल्या 'मायक्रोप्लास्टिक' या शब्दाचा. २००४ मध्ये तो रूढ झाला तेव्हा रोख डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या तंतूंवर होता. २००८ च्या एका कार्यशाळेत आकाराची वरची मर्यादा ५ मिलिमीटर ठरली, म्हणजे शर्टाच्या बटणाच्या साधारण निम्मी. एवढा तुकडा बरेच जीव गिळू शकतात, हे कारण पटण्यासारखे आहे. खालची मर्यादा मात्र धरली ०.३३ मिलिमीटर, कारण पृष्ठभागावर ओढायच्या नेहमीच्या जाळ्यांची वीण तेवढी असते! विणीतून निसटले ते मोजणीतूनही निसटले. तंतूंचे तर विचारूच नका: लांबीने अडकायला हवेत, पण बारीक असल्याने आडवे न होता सरळ पार होतात. युरोपात २०२३ पासून उत्पादनांत मुद्दाम मिसळलेल्या मायक्रोप्लास्टिकवर निर्बंध आले, त्यात तंतूंसाठी लांबीची मर्यादा वेगळी, १५ मिलिमीटर ठेवावी लागली.

शब्दामुळे चित्रही फसवे होते. उत्तर पॅसिफिकमधल्या कचरापट्ट्याच्या २०१८ च्या अंदाजात तुकड्यांच्या संख्येत ९४ टक्के मायक्रोप्लास्टिक, वजनात अवघे ८ टक्के. वजनाचा मोठा वाटा, ४६ टक्के, मासेमारीच्या जाळ्यांचा. मालक सोडून गेलेले जाळे मासे, कासवे, सील धरतच राहते. तरी त्याच्यावर बोलणारे कमीच. बातमी होते ती कणांची.

२०२२ मध्ये नैरोबीत प्लास्टिकवरच्या जागतिक करारासाठी वाटाघाटी करायला मुहूर्त लागला. २०२५ च्या ऑगस्टमध्ये जिनिव्हाची बैठक निर्णयाविना संपली. वाद उत्पादनाला मर्यादा घालायची की फक्त कचरा आवरायचा, हाच. तेल आणि प्लास्टिकनिर्मितीवर पोट असलेल्या देशांना दुसरा पर्याय सोयीचा वाटतो, यात नवल नाही.