सीएफएसचा प्लॅन "जोर लावा" वरून "जपून चला" वर कसा आला

आमच्याकडं परभणीत एखादी बाई महिनोन्महिने खाटंवर पडून राहिली की पहिला शब्द निघतो तो अंगचोर. माझ्या वहिनीला कोविडनंतर हेच ऐकावं लागलं. रिपोर्ट सगळे नॉर्मल, दोन सलाईन लावून झाल्या, मग एका डॉक्टरांनी सांगितलं रोज पहाटे चालायला जा, ताकद येईल, तर ती चार दिवस गेली आणि पाचव्या दिवसापासून आठवडाभर उठलीच नाही, वेणी घालायला हात वर केला तरी गळून जायची. सीएफएस, म्हणजे क्रॉनिक फटीग सिंड्रोम, या आजारात हा सल्ला आला कुठून म्हणून वाचत गेले तर हे भांडण लई जुनं निघालं.

1955 ला लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमधे या आजाराची साथ आली, 292 कर्मचारी आजारी, हॉस्पिटल बंद ठेवावं लागलं. पुढच्या वर्षी लॅन्सेट या डॉक्टरी मासिकातून मायाल्जिक एन्सेफॅलोमायलायटिस, म्हणजे एमई, हे नाव पुढं आलं आणि 1969 ला डब्ल्यूएचओनं त्याला मज्जासंस्थेच्या आजारांत घातलं. इथंच विषय मिटायला हवा होता. पण 1970 मधे मॅकएव्हडी आणि बिअर्ड या दोघा मानसोपचारतज्ज्ञांनी एकाही पेशंटला न तपासता, जुने कागद वाचून लिहिलं की हा मास हिस्टेरिया, म्हणजे घोळक्यात पसरलेलं मनाचं दुखणं, आणि बायका जास्त आजारी पडल्या हेसुद्धा त्यांनी कारण म्हणून मोजलं. म्हणजे अंगचोरच की, फक्त इंग्रजीत.

1988 ला अमेरिकेत याच आजाराला क्रॉनिक फटीग सिंड्रोम हे नाव पडलं आणि ऐकणाऱ्याला वाटायला लागलं की नुसता थकवा आहे. मग विचार असा आला की पेशंट हालचालीला भितो म्हणून अशक्त होतो, तर व्यायाम हळूहळू वाढवत न्या. 2007 ला उपचारांच्या गाइडलाइन काढणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेनं ते गाइडलाइनमधेच घातलं, 2011 ला 641 पेशंटवरच्या पेस नावाच्या ट्रायलनं त्याला दुजोरा दिला. पेशंट मात्र ओरडून सांगत होते की यानं आम्ही जास्त आजारी पडतोय. ट्रायलचा डेटा बाहेर यायला 2016 उजाडलं, तेही ट्रायब्युनलच्या आदेशानं, आणि मूळ ठरलेल्या निकषांवर पुन्हा मोजलं तर बरे झालेल्यांचा आकडा पार खाली आला.

मधे 2015 ला अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिननं स्पष्ट लिहिलं की खरं लक्षण हे, की थोडे कष्ट झाले तरी नंतर तब्येत कोसळते, कधी त्याच दिवशी तर कधी एकदोन दिवसांनी. वहिनीचा पाचवा दिवस मला तिथं समजला. ऑक्टोबर 2021 मधे नाइसनं तो व्यायामाचा सल्ला काढून टाकला. पक्का इलाज आजही नाही, म्हणून प्लॅन म्हणजे पेसिंग, अंगात आहे तेवढ्यातच दिवस बसवायचा.

आमच्या घरी तो कालनिर्णयच्या चौकोनांत लिहिलेला असतो. ज्या दिवशी डोक्यावरून अंघोळ त्या दिवशी भाकरी आई थापते, चांगलं वाटलं तरी जास्तीचं काम काढायचं नाही, आणि कोसळली तर आदल्या दोन दिवसांत काय काय केलं ते पेन्सिलनं तिथंच लिहून ठेवायचं. या महिन्यात दोन चौकोन असे भरलेत, मागच्या महिन्यात सहा होते.