औषधाला टाळूचा पत्ता माहीत नसतो

कटिंग झाली की सलूनवाला डोक्यामागे छोटा आरसा धरतो. आपण मान वळवून 'ठीक आहे' म्हणतो आणि पैसे देऊन निघतो. गेली काही वर्षं मी त्या आरशात कटिंग बघतच नाही, भोवरा बघतो. भोवऱ्याभोवतीची टाळू दिसायला लागली की पहिला संशय पाण्यावर जातो. बोअरचं पाणी, टँकरचं पाणी, पुण्यात आल्यापासून बदललेलं पाणी. मग हेल्मेट. शेवटी मामा.

यातला मामाच तेवढा थोडाफार दोषी आहे. पुरुषी हार्मोन पेशीत ज्याला जाऊन चिकटतं, त्या ग्राहीचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं आणि मुलाला एक्स मिळतो तो आईकडून. पण टकलाशी संबंधित जनुकं इतरही बरीच आहेत, आणि ती वडिलांकडूनही येतात. त्यामुळे सगळं खापर आजोळावर फोडता येत नाही.

डोक्यावर साधारण 1 लाख केस असतात आणि रोज 50 ते 100 गळतात. टक्कल नसलेल्यांचेही गळतात. एक केस 2 ते 6 वर्षं वाढतो, दोन-तीन आठवडे आवरतं घेतो, सुमारे तीन महिने नुसता बसून राहतो आणि पडतो. मग त्याच मुळातून नवा येतो. टक्कल पडताना बिघडतं ते इथे. वाढीचा काळ दर फेरीला आखूड होतो, मूळ आक्रसतं आणि येणारा केस आधीच्यापेक्षा बारीक निघतो. शेवटी केसाच्या जागी नुसती लव उरते. म्हणून बाथरूमच्या जाळीवरचे केस मोजून फारसं काही कळत नाही. कानशिलावरचा एक आणि मानेवरचा एक केस शेजारी धरून जाडी बघितली तर जास्त कळेल.

हे सगळं वर्षानुवर्षं चालतं. जानेवारी 2025 मध्ये बुलढाण्याच्या शेगाव तालुक्यात बोंडगाव आणि आसपासच्या गावांत काही दिवसांत डोकी मोकळी झाली. बायका आणि मुलंही त्यात होती. तो प्रकार पूर्णपणे वेगळा होता. डॉ. हिंमतराव बावस्करांनी त्यात रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. असं अचानक झालं तर सलूनमध्ये चर्चा करत न बसता दवाखाना गाठावा.

आपल्या संथ टकलाचा धागा जेम्स हॅमिल्टन या अमेरिकी शास्त्रज्ञाने 1942 मध्ये पकडला. वयात येण्याआधीच वृषणं काढलेल्या पुरुषांना टक्कल पडत नव्हतं. त्यांना टेस्टोस्टेरॉन दिल्यावर ज्यांच्या घराण्यात टक्कल होतं, त्यांचे केस मागे हटू लागले. म्हणजे हार्मोनही लागतं आणि घराणंही. पुढे कळलं की खरा कारभारी टेस्टोस्टेरॉनपासून बनणारं डीएचटी आहे. 5-अल्फा रिडक्टेज नावाचं विकर (एन्झाइम) ते बनवतं. गंमत म्हणजे हेच डीएचटी दाढी दाट करतं आणि कपाळावरचे केस संपवतं. हार्मोन तेच, फक्त मुळाचा स्वभाव वेगळा. डोक्याच्या मागच्या पट्ट्यातल्या मुळांना त्याचं काही वाटत नाही. हेअर ट्रान्सप्लांट याच गुणावर चालतं: मागचं मूळ पुढे लावलं तरी ते आपला स्वभाव सोडत नाही.

आता औषधं. मिनॉक्सिडिल मुळात रक्तदाबाची गोळी. ती घेणाऱ्यांच्या अंगावर, चेहऱ्यावर केस उगवू लागले आणि त्या दुष्परिणामाचंच 1988 मध्ये अमेरिकेत डोक्याला लावायचं औषध झालं. सुरुवातीचे काही आठवडे ते उलट केस पाडतं, कारण बसून राहिलेल्या केसांना ढकलून नव्या फेरीला जागा करतं. पुष्कळ जण नेमके तेव्हाच घाबरून बाटली फेकतात. टाळूला खाज सुटते, कुणाला धडधडतं, आणि थांबवलं की काही महिन्यांत कमावलेलं जातं. हे औषध जिथे पोचेल तिथे केस आणतं. 2019 मध्ये स्पेनमध्ये काही तान्ह्या बाळांच्या अंगभर केस वाढले. आम्लपित्तासाठी दिलेल्या ओमेप्राझोलमध्ये चुकून मिनॉक्सिडिल मिसळलं गेलं होतं. घरात मांजर असेल तर हे औषध लावलेला हात तिच्या अंगावरून फिरवू नका. चाटण्यातून गेलेला थोडासा अंशही तिच्या जिवावर बेततो.

दुसरं फिनॅस्टेराइड. याची गोष्ट डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या लास सालिनास गावातून येते. तिथली काही मुलं जन्मतः मुली वाटत आणि वयात येताना मुलगे होत. 1974 मध्ये ज्युलिअॅन इम्पेराटो-मॅकगिन्ली या संशोधिकेने आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की या मुलांमध्ये डीएचटी बनवणारं विकरच नीट काम करत नाही. मोठेपणी या पुरुषांची मूत्राशयाखालची प्रोस्टेट ग्रंथी लहान राहते, दाढी विरळ असते आणि टक्कल पडत नाही. मर्क कंपनीने यावरून विकर रोखणारी गोळी बनवली. 1992 मध्ये ती वाढलेल्या प्रोस्टेटसाठी 5 मिलिग्रॅमची आली, 1997 मध्ये केसांसाठी 1 मिलिग्रॅमची.

गोळी पोटात जाते, तिला टाळूचा पत्ता माहीत नसतो. रक्तातलं डीएचटी निम्म्याहून जास्त उतरतं, सगळीकडेच. मूळ चाचण्यांत कामेच्छा, ताठरता किंवा वीर्यपतन यांच्या तक्रारी औषध घेणाऱ्या 3.8 टक्के पुरुषांनी केल्या. औषध नसलेली खोटी गोळी घेणाऱ्या 2.1 टक्क्यांनीही केल्या. मनाचा वाटा किती, हे 2007 च्या एका इटालियन अभ्यासात दिसलं. प्रोस्टेटसाठी हीच गोळी घेणाऱ्या रुग्णांपैकी ज्यांना दुष्परिणाम आधी सांगितले, त्यांच्यात 43.6 टक्क्यांना लैंगिक त्रास जाणवला. ज्यांना सांगितले नाहीत, त्यांच्यात 15.3 टक्क्यांना.

यावरून 'सगळे मनाचे खेळ' म्हणून हात झटकणारे मला पटत नाहीत. तेच विकर मेंदूत मनःस्थितीशी निगडित रसायनंही बनवतं. गोळी बंद केल्यावरही त्रास राहिल्याच्या नोंदी आल्या, आणि अमेरिकेच्या एफडीए या औषध नियंत्रक संस्थेने 2012 मध्ये ते माहितीपत्रकात घालायला लावलं. मे 2025 मध्ये युरोपच्या औषध नियंत्रकांनी आत्महत्येचे विचार हा या गोळ्यांचा दुष्परिणाम असल्याचं मान्य केलं. बहुतेकांना काहीच होत नाही, हेही खरं. पण आधी नैराश्य येऊन गेलं असेल तर ते डॉक्टरांना सांगूनच सुरुवात करावी, आणि मन खचत चाललंय असं वाटलं तर गोळी थांबवून लगेच त्यांना गाठावं. मित्राच्या पाकिटातली गोळी घेऊन प्रयोग तर मुळीच नको. घरात कुणी गरोदर असेल तर तिने तुटलेल्या गोळीला हात लावू नये, पोटातल्या मुलग्याच्या जननेंद्रियांची वाढ डीएचटीवरच होते.

यातली एक गोष्ट हमखास सुटते. पन्नाशीत प्रोस्टेटच्या कॅन्सरची शंका पाहायला पीएसए ही रक्ततपासणी करताना डॉक्टर विचारतात, 'काही औषधं चालू आहेत?' बीपीची सांगतात, शुगरची सांगतात. केसांची गोळी कुणी औषधात धरतच नाही. ही गोळी काही महिने घेतली की पीएसए साधारण निम्म्यावर येतं. रिपोर्टवर 3 छापून येतं आणि माणूस निर्धास्त घरी जातो. वाचायचे असतात 6.