पिवळा असला तरी 'लाल'

हवाई बेटांवरच्या सरदारांचा पिसांचा झगा फोटोत पाहिला असेल, त्याचं नाव ’अहु ’उला. अहु म्हणजे अंगावर घ्यायचं वस्त्र, उला म्हणजे लाल. गंमत अशी की पहिल्या कामेहामेहा राजाचा झगा जवळजवळ सगळा पिवळा आणि तरी नाव तेच. आख्ख्या पॉलिनेशियात, म्हणजे हवाई, टोंगा, न्यूझीलंड अशा पॅसिफिकमधल्या बेटांवर, लाल हा देवांचा आणि सरदारांचा रंग, हवाईत मात्र पिवळी पिसं जास्त दुर्मिळ, कारण तिथला मामो पक्षी जवळजवळ सगळा काळा होता आणि पिवळी पिसं मोजकीच. भाव पिवळ्याला आला, शब्द लालच राहिला.

पण मला खरी मजा वाटते ती त्या शब्दांच्या सुरुवातीच्या ’ या खुणेची. तो एक उच्चार आहे बरं का! तोंड न उघडता 'अं-अं' करून नाही म्हणताना मधे घसा क्षणभर बंद होतो ना, तोच. तिथे पूर्वी क होता. नात्यातल्या भाषा बघा: लाल म्हणजे टोंगात कुला, माओरीत (न्यूझीलंडच्या मूळ लोकांच्या भाषेत) कुरा, हवाईत ’उला. मासा माओरीत इका, हवाईत इ’आ. होडी वाका, तिकडे वा’आ. एकही क सुटत नाही, सगळे घशात गेले, मग क ची जागा रिकामी झाली म्हटल्यावर त सरकून तिथे येऊन बसला, म्हणून माओरी तापु म्हणजे निषिद्ध ते हवाईत कापु, आणि माओरीत र तिथे हवाईत ल हा फरक वेगळाच, माओरी रोतो म्हणजे आत, ते हवाईत लोको, यात र आणि त दोन्हींच्या जागी वेगळे उच्चार आहेत बघा.

म्हणून 'उला म्हणजे इंग्रजी वूल, म्हणजे आपली संस्कृतातली ऊर्णा (लोकर)' असलं कोणी सांगितलं तर फॉरवर्ड करू नका. एक शब्द कशाशीही जुळतो, बदल शब्दामागून शब्दात तसाच दिसला तरच नातं.

हाच हिशोब उलटा लावला की ’अहु ’उला चं माओरी रूप येतं काहु कुरा, आणि माओरी लोक लाल पिसांच्या झग्याला खरंच तेच म्हणतात.

२६ जानेवारी १७७९ ला कालानी’ओपु’उ या राजाने कॅप्टन कुकला अंगावरचा झगा काढून दिला. तो फिरत फिरत १९१२ मधे न्यूझीलंडला पोचला आणि २०१६ मधे होनोलुलूला परत आला, म्हणजे मधली शंभरेक वर्षं ’अहु ’उला काहु कुरावाल्यांच्याच घरी होता.