डग्ग्याचं क्रोम उडालं, आता काय?

मामाचा डग्गा (तबल्याच्या जोडीतला डाव्या हाताचा) माझ्याकडे आला तेव्हा आवाज मस्त होता, पण रूप बघवत नव्हतं. वर क्रोमची चकाकी आणि खाली पोटाला फोड आल्यासारखे पापुद्रे, नखाने उचकटला की आत पितळ आणि कडेला हिरवट पावडर. पुडी, म्हणजे तोंडावरचं चामडं, बदलायचीच होती, म्हणून कारागिराकडून वाद्या (पुडी ताणणाऱ्या चामड्याच्या पट्ट्या), गजरा (तिच्या कडेची वीण) सगळं उतरवून घेतलं (हे आधी कराच, चामड्याला पाणी लागलं की शाईचं, म्हणजे पुडीवरच्या काळ्या गोल थराचं, काही खरं नाही) आणि रिकामं भांडं घेऊन पॉलिश पेपरने घासत बसलो. अर्ध्या तासाने बघतो तर जिथे क्रोम शाबूत होतं तिथे ढिम्म फरक नाही, आणि जिथे उडालेलं होतं तिथे पितळेला खळगे!

नंतर वाचल्यावर कळलं की क्रोमियम पितळेपेक्षा कितीतरी पटीने कडक, त्यामुळे पेपर बिचारा मऊ जागा शोधून तिथेच खातो. आणि हा कडक थर असतो केवढा, तर शोभेच्या प्लेटिंगमध्ये साधारण ०.२ ते ०.५ मायक्रॉन. आपला केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो. म्हणजे ज्या चकाकीवर आपण भाळतो ती चादर जवळपास प्रकाशाच्या तरंगलांबीएवढीच जाड! खरी गादी त्याच्याखालची, निकेलची, साधारण १०-२० मायक्रॉनची. क्रोममध्ये बारीक भेगा आणि छिद्रं असतातच, त्यातून घामाचं खारट पाणी आत झिरपतं. क्रोमवर त्याच्याच ऑक्साइडचं कवच असतं म्हणून ते टिकतं, पण छिद्राखालचं निकेल खाल्लं जातं आणि एकदा का ओल पितळेपर्यंत पोचली की वरचा थर फुगून सुटतो. तांब्याचे क्षार हिरवे, तीच ती पावडर.

मग क्रोम काढायचं कसं? प्लेटिंगवाल्याकडे द्या, एवढंच सांगेन. ते करंट उलटा फिरवून थर उतरवतात. घरी चार्जर आणि कॉस्टिक सोडा घेऊन हे करायला जाऊ नका, त्यात क्रोमियमचं सहा संयुजेचं रूप तयार होतं आणि ते कॅन्सरकारक आहे, ते पाणी मोरीत ओतायची गोष्ट नाही.

उतरवून आणलेलं भांडं मळकट, काळपट होतं. मी चिंच-मीठ लावलं. चिंचेतलं टार्टरिक आम्ल ऑक्साइड विरघळवतं, मिठातलं क्लोराइड त्याला हात देतं, दहा मिनिटांत काम होतं. मी शहाणा, रात्रभर ठेवलं. सकाळी पितळेचं भांडं गुलाबी! पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, आम्लात जास्त वेळ राहिलं की जस्त आधी निघून जातं आणि पृष्ठभागावर उरतं तांबं. वरवरचंच होतं म्हणून बरं, पेपरने निघालं.

पेपर ४००, ८००, १२००, २००० असे चढत गेलो, ओला करूनच, कारण निकेल-पितळेची धूळ नाकात जायला नको. प्रत्येक नंबरला घासायची दिशा आडवी-उभी बदलायची, आधीच्या नंबरचे ओरखडे पूर्ण गेले की मगच पुढचा. ओरखडे प्रकाशाच्या तरंगलांबीहून बारीक झाले की प्रकाश विखुरत नाही आणि तोंड दिसायला लागतं. २००० नंतर माझं दिसलं, पण जरा धुरकट, बाकीचं बफिंगच्या पेस्टने.

आता लॅकर, म्हणजे पारदर्शक वार्निश. थिनरने पुसून, हातमोजे घालून, पातळ तीन हात स्प्रेचे. एका जागी मी उघड्या हाताने धरलं होतं, पंधरा दिवसांनी लॅकरखाली चक्क अंगठ्याचा ठसा उमटला, तपकिरी. आणि पावसाळ्यात हे काम काढू नका, थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि लॅकर दुधाळ होतं.

एक मित्र म्हणाला, लॅकरने आवाज दबेल. हिशोब केला. भांड्याचा बाहेरचा भाग धरा १६०० चौरस सेंटीमीटर, थर २५ मायक्रॉन, म्हणजे ४ घन सेंटीमीटर, वजन चार-पाच ग्रॅम. भांडं तीन किलोचं. आणि आवाजाचं मूळ पुडीत, सी. व्ही. रामन यांनी १९२० सालीच 'नेचर'मध्ये लिहिलं होतं की आपल्या तालवाद्यांचे उपस्वर सुरेल लागतात ते शाईच्या वजनामुळे. पॉलिशने फार तर वाजवणाऱ्याचा मूड बदलेल.

शेवटपर्यंत एक कोडं मात्र होतं. हात लागतो वर, मग पापुद्रे खाली का? जुना फोटो काढून बघितला तर डाग गोल कड्यासारखे होते, बरोबर जिथे डग्गा चुंबळीवर, म्हणजे खालच्या गोल बैठकीवर, टेकतो तिथे. कापडाची चुंबळ, घाम आणि ओल धरून ठेवते, सुकतच नाही. आता तीच दर रविवारी गॅलरीत उन्हात पडलेली असते, बायको विचारते हे काय वाळवण घातलंय.