वाफ थांबली की वॉफल झाला

वॉफल मेकरचं झाकण लावल्यावर पहिला अर्धा मिनिट काहीच घडत नाही. मग कडेने बारीक फुसफुस सुरू होते आणि बघता बघता चारही बाजूंनी वाफेचे लोट निघायला लागतात. टेबलाशी बसलेली मुलं नेमकी याच वेळी विचारतात, "झाला?" नाही झालेला. यंत्रावरचा हिरवा दिवा लागला तरी झालेला असेलच असं नाही. माझा पहिला वॉफल असाच गेला. दिवा लागला, मी झाकण उचललं, तर अर्धा वॉफल वरच्या साच्याला आणि अर्धा खालच्याला चिकटलेला, मध्ये ओलं पीठ. मुलीने मात्र "दोन झाले!" म्हणून टाळ्या वाजवल्या.

तेव्हापासून मी दिव्याकडे बघणं सोडलं आणि वाफेकडे बघायला लागलो. (वाफ आणि वॉफल यांचा यमक हा निव्वळ योगायोग. मूळ शब्द डच, 'वाफेल', आणि त्याचं नातं विणण्याशी आणि मधाच्या पोळ्याच्या जाळीशी आहे.) वॉफल फुगतो कसा, कुरकुरीत का होतो आणि ताटात ठेवल्यावर सादळतो का, या तिन्ही प्रश्नांचं उत्तर पाण्यापाशीच सापडतं.

आधी प्रमाण सांगतो. 250 ग्रॅम मैदा, 2 मोठे चमचे साखर, 4 छोटे चमचे बेकिंग पावडर आणि अर्धा छोटा चमचा मीठ एका भांड्यात. 2 अंडी, 400 मिली दूध आणि वितळवून कोमट केलेलं 100 ग्रॅम लोणी दुसऱ्यात. ओलं कोरड्यात ओतायचं, जेमतेम एकत्र करायचं आणि दहा मिनिटं ठेवून द्यायचं. पाककृती म्हणून एवढीच.

आता यातल्या पाण्याचा हिशेब करू. दुधात साधारण 87 टक्के पाणी असतं, म्हणजे 350 ग्रॅम. दोन अंड्यांतून 75 ग्रॅमच्या आसपास. लोणी म्हणजे नुसती चरबी नव्हे, त्यातही 16 टक्क्यांच्या आगेमागे पाणी असतं. आणि कोरडा दिसणारा मैदासुद्धा दहा-बारा टक्के पाणी बाळगून असतो. सगळं मिळून पावणेपाचशे ग्रॅमच्या घरात जातं आणि मिश्रणाचं एकूण वजन नऊशेच्या आसपास. थोडक्यात, आपण साच्यात ओततो त्यातलं निम्म्याहून जास्त पाणीच असतं.

हे पाणी तापलेल्या साच्याला टेकतं तेव्हा त्याची वाफ होते, आणि 1 ग्रॅम पाण्याची 100 अंश सेल्सिअसला जवळजवळ 1.7 लिटर वाफ होते. समजा, एका वॉफलमधून 20 ग्रॅम पाणी गेलं, तर 34 लिटर वाफ झाली, म्हणजे दोन मोठ्या बादल्या भरतील एवढी! ती सगळी वॉफलच्या आत मावणं शक्यच नाही. बरीचशी कडेने निसटते, पण जाता जाता पिठाला आतून ढकलत जाते. मुलांना हे सांगण्यापेक्षा दाखवणं सोपं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर एक पळी मिश्रण तोलायचं, त्याचा वॉफल झाला की लगेच तोही तोलायचा. जो फरक येतो ती डोळ्यांदेखत उडून गेलेली वाफ.

मात्र वाफेला फुगवायला आधी बुडबुडे लागतात. नवा बुडबुडा शून्यातून तयार करणं तिला अवघड जातं, आयता असेल तर ती त्यात शिरून त्याला मोठा करते. बेकिंग पावडरचं काम म्हणजे हे आयते बुडबुडे पुरवणं. तिच्यात खायचा सोडा, भुकटीच्या रूपातलं आम्ल आणि दोघांना एकमेकांपासून कोरडं ठेवायला स्टार्च असतो. ओल लागली की सोडा आणि आम्ल भिडतात आणि कार्बन डायऑक्साइड सुटतो. इंग्लंडमधल्या आल्फ्रेड बर्ड या रसायनतज्ज्ञाने 1843 मध्ये अशी पावडर बनवली ती बायकोसाठी, कारण तिला यीस्ट सोसत नव्हतं. आजच्या बहुतेक पावडरी दोन टप्प्यांत काम करतात. थोडा वायू भांड्यात सुटतो, उरलेला साच्यातल्या उष्णतेने. म्हणूनच मिश्रण दहा मिनिटं थांबलं तरी बिघडत नाही.

दुधाऐवजी ताक घेतलं तर आम्ल आयतंच मिळतं आणि थोडा खायचा सोडा चालतो, एक कप ताकाला पाव ते अर्धा छोटा चमचा. जास्त पडला तर वॉफल भराभर तांबूस होतो आणि चव साबणासारखी लागते.

मुलांच्या हातात फेटणी द्यावी की नाही? जरूर द्यावी, पण वेळेवर काढूनही घ्यावी. गव्हात ग्लायडिन आणि ग्लुटेनिन नावाची दोन प्रथिनं असतात. पाणी मिळालं आणि ढवळणं सुरू झालं की ती एकमेकांत गुंतून ग्लुटेनची लवचीक जाळी तयार होते. पावाला ती हवीच असते. वॉफलमध्ये मात्र ती जास्त झाली की खाणाऱ्याला दाताने ओढत बसावं लागतं. कोरडं पीठ दिसेनासं झालं की थांबायचं. बारीकसारीक गुठळ्या राहू द्याव्यात, त्या दहा मिनिटांत पाणी पिऊन आपोआप मुरतात. चिवटपणाची भीती आणखी कमी करायची असेल तर मैद्यातले दोन मोठे चमचे काढून तेवढं कॉर्नफ्लोअर घालावं. त्यात ग्लुटेन नाही, आणि कवच अधिक खुसखुशीत होतं. माझ्या मते अंड्याचा पांढरा भाग वेगळा फेटून हळुवार मिसळण्याच्या खटाटोपापेक्षा सकाळच्या घाईत ही युक्ती जास्त कामाची. फेटलेल्या पांढऱ्याने वॉफल हलका होतो, यात वाद नाही, पण एक भांडं वाढतं आणि मुलांचा धीर संपतो.

आता साच्याकडे. त्या चौकोनी खळग्यांचं काम सिरप साठवणं, असा सगळ्यांचा समज असतो, पण त्याआधी ते दुसरंच काम करून बसलेले असतात. दीड सेंटिमीटर बाजूचा आणि एक सेंटिमीटर खोल खळगा घ्या. सपाट असता तर साच्याला टेकणारा भाग सव्वादोन चौरस सेंटिमीटर असता. चार भिंतींचे सहा मिळवले की तो सव्वाआठ होतो, म्हणजे साडेतीन पटींहून अधिक. तेवढं जास्त कवच मिळतं, तेवढी उष्णता आत शिरते आणि वाफेला बाहेर पडायला तेवढी जागा होते. युरोपात मध्ययुगापासून बिजागरीने जोडलेल्या दोन लोखंडी पाट्या लांब दांड्यांनी विस्तवावर धरून वॉफल भाजत. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय गावच्या कॉर्नेलियस स्वार्टवूट यांनी 24 ऑगस्ट 1869 रोजी आपल्या वॉफलच्या साच्याचं पेटंट घेतलं. आणि 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला बिल बाउअरमन नावाच्या धावण्याच्या प्रशिक्षकांनी घरच्या वॉफलच्या साच्यात चक्क रबरासारखं रसायन ओतलं. साचा गेला, पण त्यातून धावण्याच्या बुटांचा खळग्यांचा तळवा आला.

खमंग तांबूस रंगाकडे यायला एवढा वेळ लागला, कारण वॉफललाही लागतो. प्रथिनांतली अमिनो आम्लं आणि साखर यांच्यात उष्णतेने होणाऱ्या या प्रक्रियेचं वर्णन फ्रेंच शास्त्रज्ञ लुई कामिय मेयार यांनी 1912 मध्ये केलं, म्हणून तिला मेयार प्रक्रिया म्हणतात. ती जोमाने चालायला 140 अंशांच्या आसपास तापमान लागतं. पण जोवर पृष्ठभाग ओला आहे, तोवर येणारी उष्णता पाण्याची वाफ करण्यातच खर्च होते आणि तापमान शंभराच्या फार वर जात नाही. साचा 190 अंशांवर असला तरीही! आधी कडा कोरडी व्हायची, मग रंग चढायचा. वाफेचे लोट ओसरणं ही याच बदलाची खूण. याच सुमारास अंड्यातली प्रथिनं घट्ट झालेली असतात, स्टार्च फुगून बसलेला असतो, आणि कोरडं झालेलं कवच किंचित आक्रसून साच्यापासून स्वतःच सुटतं. माझ्या फाटलेल्या वॉफलचं कोडं इथे सुटतं. कवच साच्याला धरून होतं आणि पोटात अजून पातळ पीठ होतं. झाकण उचललं की जिथे जोर कमी तिथेच तो फाटणार. तेव्हा झाकण हलकेच उचलून पाहावं. अडलं तर ओढू नये, अर्धा मिनिट तसंच ठेवावं.

साखर जास्त घातली तर पोरं खूश होतील असं वाटतं, पण साखर पाणी धरून ठेवते. रंग लवकर येतो, आत कोरडेपणा येत नाही आणि वॉफल चिकटतो. गोडी वरून द्यावी. बेल्जियममधल्या लिएज शहराचा वॉफल याला अपवाद, पण तिथे घट्ट कणकेत साखरेचे टपोरे खडे असतात आणि ते साच्याला लागून वितळून चकाकतं कवच धरतात. ब्रसेल्सचा वॉफल याच्या उलट, हलका आणि मोठ्या खळग्यांचा.

वरून गोडी देताना एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळावी. घरात वर्षाच्या आतलं बाळ असेल तर त्याच्या तोंडाला मध लावू नये, मिश्रणातही घालू नये. मधात बोट्युलिझम या गंभीर विषबाधेच्या जीवाणूंचे बीजाणू असू शकतात, ते वॉफलच्या भाजण्याने मरत नाहीत आणि बाळाच्या आतड्याला त्यांना आवर घालता येत नाही. पळी चाटण्याचा हट्टही पुरवू नये. कच्च्या अंड्याबद्दल सगळे जपतात, पण कच्चा मैदासुद्धा निर्जंतुक नसतो.

साच्यातून निघालेला वॉफल ताटात, त्यावर दुसरा, वर झाकण म्हणून रुमाल, असं केलंत की सगळ्या मेहनतीवर पाणी पडतं, तेही अक्षरशः. वॉफलचं पोट अजून ओलसर आणि गरम असतं, वाफ निघतच असते. तिला वाट मिळाली नाही तर ती ताटाला लागून थंड होते आणि पाणी होऊन कवचात मुरते. कुरकुरीतपणा म्हणजे कवचातला स्टार्च आणि प्रथिनं काचेसारखी कडक असणं. थोडंसं पाणी शिरलं की ही काच मऊ पडते. जाळीच्या स्टँडवर एकेरी थरात ठेवलं, किंवा शंभरेक अंशांवर चालू ओव्हनमध्ये जाळीवर सरकवलं, तर सगळे बसेपर्यंत तग धरतं.

उरलेले फ्रिजमध्ये ठेवू नका. शिजलेल्या स्टार्चचे रेणू गार होताना पुन्हा रांगेत बसू लागतात, वॉफल शिळकट आणि कडक होतो, आणि गंमत म्हणजे फ्रिजच्या तापमानाला हे सर्वात भराभर घडतं. फ्रीजरमध्ये ते जवळपास थांबतं. पूर्ण गार झालेले वॉफल सुटे सुटे गोठवून पिशवीत भरावेत आणि शाळेच्या दिवशी तसेच टोस्टरमध्ये टाकावेत. मायक्रोवेव्हमध्ये नको, तिथे आतलं पाणी वाफ होऊन कवचात येतं आणि तिथेच अडकतं. टोस्टर बाहेरून तापवतो, कवचात शिरलेलं पाणी हाकलतो. कान जवळ नेलात तर तीच फुसफुस ऐकू येते, फक्त बारीक. ती थांबली की काढायचा.